बी डोंगर कसे चढते?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय 'डोंगराळ भागातील वृक्षलागवड' असा आहे. यंदा किती रोपे लावली आणि किती जगली, हे अहवालात छापले आहे. ते मी पुन्हा वाचून दाखवत नाही. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर आपल्या वाड्यांवर जातो-येतो. आज मी रोपांऐवजी पक्ष्यांविषयी बोलणार आहे. लागवड शेवटी येईलच, कारण पक्ष्यांना वगळून डोंगरावरच्या लागवडीचा विचार करता येत नाही असे माझे मत झाले आहे.

मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. तेथे दाणा पेरला जातो, त्याचे झाड होते आणि मग पाखरे येऊन राहतात. सह्याद्रीच्या उतारावर पुष्कळदा हा क्रम उलटा असतो. पाखरू आधी येते, झाड मागून.

रायगडच्या डोंगरात एका कातकरी वाडीच्या वर पायरीचे एक जुने झाड आहे. वाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांना मी विचारले, "मामा, हे झाड कोणी लावले?" ते हसले. म्हणाले, "मास्तर, मान्सानं लावलं असतं तर रांगेत नसतं का? पाखरू हगलं, नि झाड झालं." सभेत हा शब्द वापरल्याबद्दल राग मानू नये, पण वनस्पतिशास्त्राचा एक अख्खा धडा त्या वाक्यात आहे.

डोंगरउताराची कल्पना करा. आपल्याकडे घाटमाथ्याला 3000 ते 4000 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. त्या पाण्याबरोबर सगळे खाली जाते: माती, पाचोळा आणि झाडाखाली पडलेले बी. गडगडणारे फळही खालीच जाणार. ऐन किंवा किंजळ यांच्या बियांना पंख असतात. वारा त्यांना कधी वर, कधी बाजूला नेतो. काटेसावरीचा कापूस तर उडतोच. पण जांभळाच्या बीला पंख नाहीत. राळधुपाचे टणक बी वाऱ्याने हलणारही नाही. ही झाडे हजारो वर्षे डोंगराच्या माथ्यापर्यंत टिकून आहेत ती कशी? दर पिढीला बी थोडे थोडे खाली सरकत गेले असते, तर ती केव्हाच ओढ्यात येऊन बसली असती. कोणीतरी त्यांचे बी वर नेत असले पाहिजे.

शिवाय जे बी आईच्या पायाशी पडते, त्याचे नशीब फारसे चांगले नसते. तेथे सावली दाट असते, आणि एकाच जातीच्या बिया ढिगाने पडलेल्या असल्यामुळे किडे, बुरशी, उंदीर यांना आयते ताट वाढलेले मिळते. त्यातून फार थोडी रोपे मोठी होतात. थोडे दूर गेलेल्या बीला निदान संधी मिळते. म्हणून झाड फळाभोवती गोड गर तयार करते. तो गर म्हणजे वाहतुकीची मजुरी समजा.

ही मजुरी घेणारे पुष्कळ आहेत. वटवाघळे आहेत, वानरे आहेत, उदमांजर आहे. पक्ष्यांत बुलबुल, तांबट, कोकिळ, हरियाल अशी मोठी फौज आहे. वाडीवरच्या बायामुली एप्रिल-मे महिन्यांत पाटीभर करवंदे, जांभळे घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. त्या करवंदांच्या जाळ्या आणि ती जांभळे कोणत्याही योजनेतून लावलेली नाहीत. पण एक अडचण असते. चोच लहान असेल तर बी लहानच हवे. बुलबुलाच्या घशातून राळधुपाचे किंवा रानजायफळाचे बी जाणार नाही. मोठ्या बियांच्या झाडांना मोठ्या गळ्याचा पक्षी लागतो, आणि असे पक्षी थोडेच आहेत. त्यांतला सर्वांत मोठा धनेश.

धनेशाला कोकणात कोठे ककणेर म्हणतात, कोठे नुसते गरुड म्हणतात. गरुडाशी त्याचे काही नाते नाही. भारतात धनेशाच्या 9 जाती आहेत आणि त्यांतल्या 4 सह्याद्रीत सापडतात. राखी धनेश तुम्ही पुण्यात, मुंबईतही वडा-पिंपळावर पाहिला असेल. सर्वांत मोठा तो महाधनेश. तो मीटरभर लांब आणि सुमारे तीन किलो वजनाचा, चोचीवर पिवळे शिरस्त्राण मिरवणारा. उडताना त्याच्या पंखांचा असा आवाज होतो की माणूस मान वर करतोच. मल्याळम भाषेत त्याला 'मलमुळक्की' म्हणतात. मल म्हणजे डोंगर, आणि तो दुमदुमवणारा तो मलमुळक्की.

त्याचा संसार जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी धनेशाची मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. लिंपायला तिची स्वतःची विष्ठा, फळांचा गर आणि काही जातींत नराने आणलेली माती वापरली जाते. चोच जेमतेम बाहेर निघेल एवढी उभी फट तेवढी ठेवते. आत ती अंडी घालते आणि तिची उडण्याची पिसे गळून पडतात. म्हणजे मनात आणले तरी तिला उडता येत नाही. दोन-तीन महिने, मोठ्या जातींत त्याहूनही अधिक काळ, त्या घरट्याचा सगळा भार नरावर असतो. तो फळे गळ्यात साठवून आणतो, फटीशी बसतो आणि एकेक फळ वर काढून तिच्या चोचीत देतो. दिवसभर त्याच्या अशा खेपा चालतात. या काळात नराला कोणी मारले, तर आतली मादी आणि पिल्लूही उपाशी मरू शकतात. एका गोळीत कुटुंब संपते.

आता झाडाच्या बाजूने पाहा. धनेश फळ अख्खे गिळतो. गर पचतो, आणि मोठे बी तो तोंडावाटे पुन्हा बाहेर टाकतो, धडधाकट, उगवायला तयार. हे घडेपर्यंत तो एक दरी ओलांडून पलीकडच्या सोंडेवर गेलेला असतो. दिवसात कित्येक किलोमीटर फिरणारा हा पक्षी आहे. त्याला चढ आणि उतार सारखेच. बी डोंगर चढते ते असे.

पण फळांचा मालक एवढेच झाडाचे काम नाही. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतारपक्ष्याची चोच त्याच्यापाशी नाही. त्याला तयार ढोली लागते, आणि तीही मोठी. अशी ढोली कशी होते? एखादी जाड फांदी वादळात मोडते, जखमेतून बुरशी आत शिरते, सुतारपक्षी कोठे टोकरतो, खोड आतून हळूहळू पोखरत जाते. याला कित्येक दशके लागतात. बेहडा, सातवीण, आंबा अशा जुन्या, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या झाडांतच ती सापडते. एकदा चांगली ढोली मिळाली की धनेश वर्षानुवर्षे तीच वापरतो. कोकणात ही घरटी देवरायांमध्ये पुष्कळदा दिसतात, कारण तेवढी जुनी झाडे दुसरीकडे उरलीच नाहीत.

आणि खायला काय? विणीच्या काळात त्याला इतर रानफळेही लागतात, पण वर्षभराचा आधार म्हणजे उंबराच्या कुळातली झाडे: वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक. उंबर फोडले की आत केंबरे दिसतात, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या इवल्याशा किड्यांशिवाय या झाडांना बी धरत नाही आणि या झाडांशिवाय त्या किड्यांचा वंश वाढत नाही. किडा जगायचा तर परिसरात कोठे ना कोठे फळ चालू असले पाहिजे. म्हणूनच या कुळातली सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत. या डोंगरावरची पायर आज लगडली, तर पलीकडची महिन्या-दोन महिन्यांनी. रानात दुसरे काही नसते तेव्हाही कोठे तरी एक वड पिकलेला असतो. एक जुना वड तोडला की डोंगरावरच्या पाखरांच्या वर्षातले काही आठवडे उपाशी जातात.

अशी ही सोबत आहे. झाड पक्ष्याला घर आणि अन्न देते, पक्षी झाडाच्या पुढच्या पिढीला जागा देतो. ही सोबत तुटली की काय होते, याचा अभ्यास झालेला आहे. अरुणाचल प्रदेशात नामदफाचे जंगल आणि त्याच्या जवळचे मियाओचे राखीव जंगल यांची अभ्यासकांनी तुलना केली. त्यांचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे शिकार आणि तोड जास्त होती तेथे धनेश कमी होते, आणि जेथे धनेश कमी होते तेथे मोठ्या बियांच्या झाडांचे बी जमिनीवर कमी पोहोचत होते. मला यात सर्वांत गंभीर वाटते ते असे की, असे जंगल बाहेरून हिरवेच दिसते. मोठी झाडे उभी असतात. त्यांच्याखाली त्यांची मुले नसतात, एवढेच. मुले नसलेले गाव ओस पडायला एक पिढी लागते, जंगलाला चार-दोन पिढ्या लागतील.

परदेशातलेही एक उदाहरण थोडक्यात सांगतो. आल्प्स पर्वतात वरच्या थंड पट्ट्यात एक पाइन वृक्ष वाढतो. त्याच्या बिया जड आणि बिनपंखी असतात. कावळ्याच्या कुळातला एक पक्षी त्या हजारोंनी गोळा करतो आणि हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो, बऱ्याचदा चढावर, पार झाडांच्या हद्दीच्या वरसुद्धा. बहुतेक त्याला बरोबर सापडतात. ज्या राहतात त्यांची झाडे होतात. एकेकाळी लोक त्याला बियांचा चोर समजून मारत असत. आज स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बोधचिन्हावर तोच पक्षी आहे.

आता माणसांकडे येतो, कारण आपले काम माणसांसाठी आहे.

अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास न्यीशी समाज राहतो. त्यांच्या पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच लावण्याची रीत होती. धनेश कमी होऊ लागले तेव्हा नुसत्या उपदेशाने काम झाले नसते. फायबरची हुबेहूब चोच तयार करून देण्यात आली आणि लोकांनी ती स्वीकारली. मान राहिला आणि पक्षीही राहिला. पुढे 2011-12 मध्ये तेथे घरटे दत्तक योजना सुरू झाली. गावबुढ्यांची संस्था, वनखाते आणि एक अभ्यासक संस्था असे तिघे एकत्र आले. शहरातली माणसे एकेका घरट्यासाठी पैसे देतात, आणि त्या पैशातून गावातल्याच माणसांना घरट्याची राखण करण्याचा पगार मिळतो. त्यांतले कित्येक पूर्वी शिकारी होते. शिकाऱ्याला घरटे सापडते, ही गोष्ट उघड आहे, तेव्हा राखणदार म्हणून त्याच्याइतका लायक कोण?

केरळात वाळचालच्या जंगलात कादर आदिवासींबरोबर असेच काम गेली वीसेक वर्षे चालू आहे. तेथे कादर तरुण धनेशाच्या घरट्यांची नोंद ठेवतात. हे डोंगर आपल्याच सह्याद्रीचा दक्षिणेकडचा भाग आहे, म्हणून हे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आदिवासींना जंगलाबाहेर काढून पक्षी वाचवलेला नाही. ज्यांना जंगल येते, त्यांच्या हाती ते काम दिले आणि त्याचा मोबदला दिला.

आपल्याकडे प्रश्न थोडा निराळा आहे. दक्षिण कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, बहुतेक जंगल वनखात्याचे नाही, खाजगी मालकीचे आहे. मालक मुंबईला असतो. ठेकेदार डोंगराचा डोंगर तोडीला घेतो. लाकूड जळणाला जाते, कोठे कोळशाच्या भट्टीला. आणि तोडायला कोण असतात? ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही ते आमचे कातकरी बांधव. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मुलांसह भट्टीवर जातात. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. त्यांना "झाडे तोडू नका" असे जाऊन सांगणे सोपे आहे. मी ते सांगत नाही. ज्याच्या घरी चूल त्या मजुरीवर पेटते, त्याला पोकळ बेहड्याचे महत्त्व माझ्यापेक्षा जास्त कळते. निर्णय मात्र त्याच्या हातात नसतो.

पोकळ बेहडा असे मी मुद्दाम म्हणालो. ठेकेदाराच्या हिशेबात पोकळ झाडाला लाकूड म्हणून किंमत नाही. पायर, वड, उंबर यांचेही लाकूड इमारतीला चालत नाही. म्हणजे बाजारात जी झाडे सर्वांत स्वस्त, तीच पाखरांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. याचा दुसरा अर्थ असा की ती वाचवायला फार पैसे लागत नाहीत. डोंगर तोडीला जाण्यापूर्वी मालकाशी बोलून ती दहा-वीस झाडे राखता येतात. तोडलेले डोंगर कोकणच्या पावसात बुंध्यांवरून पुन्हा फुटतात. पण आंबा, जांभूळ, राळधूप यांचे नवे बी तेथे कोण आणणार? ती दहा-वीस झाडे उभी असतील तर पाखरे येतील आणि आणतील.

रोपे लावूच नयेत असे माझे म्हणणे नाही. आपण दात्यांच्या नावाने रोपे लावतो, त्यांची संख्या सांगतो, छायाचित्रे काढतो. त्यात आनंद आहे. पण रांगेत लावलेली, लवकर वाढणारी, एकाच जातीची शेकडो झाडे म्हणजे जंगल होत नाही. त्यांना फळ नसेल तर पाखरू थांबत नाही, आणि पाखरू थांबले नाही तर त्या रांगांमध्ये एकही नवे झाड येत नाही. दहा वर्षांनीही आपण लावली तेवढीच राहतात, किंवा कमी होतात. त्यापेक्षा थोडी पायर, थोडे उंबर, नांद्रुक अशी लावली, तर पुढची लागवड पाखरे फुकट करतात, आणि कोठे काय लावायचे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले समजते. पायरीचे तर रोपही नको. मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली आणि गुरांपासून जपली की ती जगते.

म्हणून समितीपुढे मी काही सूचना ठेवल्या आहेत. त्या आपल्या कानावर घालतो, कारण पैसा आपला आहे. प्रत्येक वाडीच्या परिसरातल्या ढोल्यांच्या आणि उंबरवर्गीय जुन्या झाडांची यादी वाडीतल्या माणसांनीच करावी, आणि त्या कामाचा त्यांना रोज मिळावा. आपल्या मुलांच्या वसतिगृहातली मोठी मुले लिहिण्याचे काम करू शकतील. आजोबांनी झाड दाखवायचे, नातवाने वहीत उतरवायचे. अहवालात लावलेल्या रोपांच्या संख्येशेजारी राखलेल्या जुन्या झाडांचा एक रकाना असावा. आणि जेथे धनेशाचे घरटे सापडेल, तेथे फेब्रुवारी ते जून राखणदार नेमावा. हेच महिने भट्टीचे असतात, हे आपल्या लक्षात आले असेल. एका घरट्याला एक पगार म्हणजे एक कुटुंब त्या वर्षी गावात राहिले आणि त्यांची मुले वार्षिक परीक्षेला बसली.

ज्या वाड्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथे तर हे अधिक सोपे आहे. त्या जंगलाची राखण आणि व्यवस्था हा कायद्यानेच ग्रामसभेचा अधिकार आहे. तेथे आपण फक्त मदतनीस म्हणून उभे राहायचे. खाजगी जंगलात मालकांशी बोलावे लागेल. आपल्या मंडळीतील ज्यांच्या कोकणात वडिलोपार्जित जमिनी आहेत, त्यांच्याशी मी स्वतंत्रपणे बोलणार आहे. येथेच काही चेहरे मला दिसत आहेत.

पहिला पाऊस पडला की जूनच्या मध्याला आम्ही पायरीच्या फांद्या रोवायला जाणार आहोत. शनिवारी पहाटे निघायचे, रात्री परत. खड्डे वाडीतली माणसे आधी काढून ठेवतील, आपण फांद्या वाहायच्या आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहाच्या वेळी सचिवांकडे नाव द्यावे. जेवणाचा डबा आणावा, आणि चपला घालून येऊ नये, वाट निसरडी असते.